रुग्णाची नोंद : एक विश्वस्त ठेव
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर कायदेपंडितांनी, प्राध्यापकांनी व उद्योजकांनी आपले विचार मांडले आहेत. त्या पंक्तीत बसण्याची माझी योग्यता नाही. छत्तीस वर्षे मी परिचारिकेचे काम केले, आणि त्यांतील अखेरची काही वर्षे नव्या मुलींना ते शिकविले. रुग्णाच्या उशाशी जे पाहिले तेवढेच माझे भांडवल आहे. चिटणीसांनी मला सुचविले होते की, मधुमेहावर किंवा आहारावर बोलावे, म्हणजे सर्वांस उपयोग होईल. मी त्यांची क्षमा मागून विषय बदलून घेतला. रुग्णाविषयी जे लिहिले जाते, त्या नोंदीविषयी मी बोलणार आहे. विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. परंतु तो आपल्या प्रत्येकाच्या घरात, आणि विशेषतः या मंडळाच्या कारभारात, कसा शिरलेला आहे हे ऐकल्यावर आपण मला दोष देणार नाही, अशी आशा आहे.

आरंभी मला एक कबुली द्यावयाची आहे. नोकरीस लागून मला दोनच वर्षे झाली होती. आमच्या वॉर्डात आपल्या ज्ञातीतील एक तरुण मुलगी क्षयाच्या आजाराने दाखल झाली. औषधोपचार पूर्ण करून ती खडखडीत बरी झाली. पुढे काही महिन्यांनी एका लग्नघरी एक वयोवृद्ध गृहस्थ मला भेटले. त्यांना मी काका म्हणत असे. ते म्हणाले, "मुली, ती अमक्यांची मुलगी तुझ्या वॉर्डात होती म्हणे. काय झाले होते तिला? घरचाच म्हणून विचारतो." मी वयाने लहान, विचारणारे वडीलधारे, आणि प्रश्न आपुलकीचा. मी सांगून टाकले, "क्षय होता काका, पण आता ती अगदी बरी आहे." माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग चार गावे फिरला, दुसरा अर्धा त्या मांडवातच राहिला. त्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. तिच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही. परंतु त्यानंतर त्या घरातील कोणीही आमच्या रुग्णालयाची पायरी चढले नाही. ही गोष्ट मी इतकी वर्षे कोणास सांगितली नव्हती. आज सांगते, कारण ती चूक एकट्या माझ्या जिभेची नव्हती. "घरचाच म्हणून विचारतो" या आपल्या सर्वांच्या सवयीची ती चूक होती.

रुग्णाचे गुपित राखावे ही काही परकी किंवा आधुनिक कल्पना नव्हे. चरकसंहितेत उपचाराचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी प्रेम आणि शुचिता हे चार गुण असावेत, असे तेथे म्हटले आहे. त्याच ग्रंथाच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश केला आहे, त्यात रुग्णाच्या घरी जे दिसेल ते बाहेर सांगू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही हाच निर्बंध आढळतो. परिचारिका पदवीदानाच्या वेळी दिवा हाती घेऊन जी प्रतिज्ञा म्हणतात, ती १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली. तीतही रुग्णाच्या व त्याच्या कुटुंबाच्या खाजगी गोष्टी जपण्याचे वचन आहे. मीही ते वचन दिले होते आणि मांडवात विसरले होते.

आता नोंदीकडे वळू. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु हाती दिवा घेऊन फिरणारी देवता एवढीच तिची ओळख आपण ठेवली. १८५४ च्या नोव्हेंबरात ती स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचली, तेव्हा तेथे मृत्यूंच्या नोंदीदेखील धड ठेवलेल्या नव्हत्या. तिने आकडे गोळा केले, त्यांच्या आकृत्या काढल्या, आणि सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरतात हे राज्यकर्त्यांस पटवून दिले. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. त्या संस्थेची ती पहिली स्त्री-सभासद होय. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात हा तिचा आग्रह होता. आज ज्याला 'नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स' म्हणतात, आणि ज्याला आपण परिचर्या-माहितीशास्त्र म्हणू, त्याचे बीज येथे आहे. अमेरिकेत हॅरिएट वर्ली व नॉर्मा लँग यांनी १९८८ साली परिचर्येच्या प्रत्येक नोंदीत किमान कोणत्या बाबी असाव्यात याची सोळा कलमांची यादी सिद्ध केली, आणि १९९२ साली तेथील परिचारिका संघटनेने या विषयास स्वतंत्र शाखेची मान्यता दिली. परिचारिका जे पाहते, करते व लिहिते, ते नीट साठवावे, योग्य वेळी योग्य माणसाच्या हाती पडावे, आणि अयोग्य माणसाच्या हाती पडू नये, एवढाच या शास्त्राचा मथितार्थ आहे.

नोंदीचे महत्त्व काय, हे एका साध्या उदाहरणाने सांगते. वॉर्डातील तक्त्यावर ताप, नाडी, श्वास व रक्तदाब यांचे रकाने असतात. रुग्णाची प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा प्रथम श्वासाची गती वाढते. इंग्लंडमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१२ साली एक पद्धत घालून दिली. तीत श्वास, रक्तातील प्राणवायू, रक्तदाब, नाडी, शुद्धी व ताप या सहा गोष्टींना गुण देऊन बेरीज करतात, आणि बेरीज वाढली की डॉक्टरांना तातडीने बोलावतात. संगणक ही बेरीज क्षणात करतो. परंतु श्वास मोजावयाचा तर घड्याळ लावून मिनिटभर रुग्णाच्या छातीकडे पाहत उभे राहावे लागते. कामाच्या गर्दीत ते होत नाही, आणि मग रकान्यात सर्वांपुढे 'वीस' लिहिले जाते. मी स्वतः असे तक्ते पाहिले आहेत. चाळीस खाटा आणि चाळीस जणांचा श्वास वीस! असा आकडा संगणकात भरला तर संगणक काय करील? तो बिनचूक बेरीज करून रुग्ण सुखरूप असल्याचे सांगेल. नोंद खोटी असेल तर यंत्र ती खरी करीत नाही; उलट तिला खरेपणाचा मुलामा देते.

खोटी नोंद केवळ परिचारिकेच्या आळसाने होते असे मात्र नाही. ती रुग्णाच्या भीतीनेही होते, आणि आज मला जे सांगावयाचे आहे त्याचा गाभा हाच आहे.

एका रात्री नवव्या महिन्यातील एक गर्भवती मुलगी झटके येतात म्हणून आमच्याकडे आणली गेली. सोबत सासूबाई, नणंद व चार नातलग. पूर्वी असे कधी झाले होते काय, असे विचारता सर्वांनी नाही म्हणून सांगितले. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तोच प्रकार समजून डॉक्टरांनी उपचार सुरू केले. परंतु रक्तदाब फारसा वाढलेला नव्हता, लघवीची तपासणीही त्या आजाराशी जुळत नव्हती, आणि झटके पुन्हा आले. मध्यरात्रीनंतर मुलीची आई परगावाहून आली. तिने मला व्हरांड्याच्या टोकाला नेले आणि माझे हात धरून म्हणाली, "सिस्टर, तिला लहानपणापासून फिट येतात हो. लग्नात सांगितले नाही. गोळ्या चालू होत्या. सासरी कोणाच्या दृष्टीस पडतील म्हणून तिने त्या सोडल्या." मी ते तत्काळ डॉक्टरांच्या कानी घातले. उपचाराची दिशा बदलली, आणि ईश्वरकृपेने माय-लेकरू दोघेही वाचली. आई आणखी तीन तास उशिरा पोहोचली असती तर काय झाले असते, याचा विचार आजही मनाचा थरकाप करतो.

बंधु-भगिनींनो, त्या मुलीस खोटे बोलण्यास कोणी शिकविले? मांडवात मी जे बोलले, तशाच बोलण्याने शिकविले. ज्या समाजात दवाखान्यातील गोष्ट आठ दिवसांत सर्वतोमुखी होते, त्या समाजातील माणूस डॉक्टरांपुढेही खरे बोलत नाही. गुप्तता नाही तर खरी माहिती नाही. खरी माहिती नाही तर खरी नोंद नाही. आणि खऱ्या नोंदीवाचून योग्य उपचार नाही. म्हणून रुग्णाचे गुपित राखणे हा निव्वळ सभ्यतेचा प्रश्न नसून त्याच्या जीविताचा प्रश्न आहे.

आपल्या इतिहासानेही हाच धडा दिला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. सरकारने सैनिक घरोघर पाठवून रुग्ण हुडकण्यास आरंभ केला. देवघर, माजघर काही पाहिले नाही. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले. साथ आटोक्यात आणण्यासाठी जी माहिती हवी होती, तीच नाहीशी झाली. त्याच वर्षी, त्याच शहरात सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होत्या. त्यातच त्यांना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. रोग्याकडे जाण्याचे हे दोन मार्ग होते. एकाने दार मोडले, दुसऱ्याने विश्वास मिळविला. पुढे २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ आली, तेव्हा महाराष्ट्रात घरी विलग ठेवलेल्या लोकांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारण्यात आले. हेतू लोकरक्षणाचा होता हे मान्य. परंतु तो शिक्का पाहून शेजाऱ्यांच्या नजरा कशा बदलल्या, हे ज्यांनी अनुभविले त्यांस निराळे सांगावयास नको.

आजचा काळ कागदाचा राहिलेला नाही. पूर्वी केसपेपर कपाटात असे, आणि तो पाहावयाचा तर कपाटापर्यंत जावे लागे. आता तो संगणकात असतो. याचे लाभ मोठे आहेत. अक्षर लागत नाही ही तक्रार संपते. एखादे औषध रुग्णास सोसत नाही ही नोंद केली असेल तर तेच औषध पुन्हा लिहिताना संगणक सावध करतो. एका गावची तपासणी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांस दिसू शकते. शासनाने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू केलेल्या 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या योजनेत प्रत्येकास चौदा आकडी 'आभा' क्रमांक मिळू शकतो, आणि त्यास आपली कागदपत्रे जोडता येतात. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, आणि आपली कागदपत्रे दुसऱ्यास दाखविण्यापूर्वी आपली संमती घेतली जावी असे त्या योजनेचे तत्त्व आहे. तथापि संमती म्हणजे मोबाइलवर आलेला ओटीपी समोरच्यास वाचून दाखविणे नव्हे. कोणास, काय व किती काळ दाखवावयाचे आहे, हे वाचून मगच होकार द्यावा.

संगणकाचे धोकेही ध्यानात ठेवले पाहिजेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर बाहेरून हल्ला झाला, आणि सुमारे दोन आठवडे तेथील बराचसा कारभार हाताने लिहून चालवावा लागला. असे हल्ले परतविणे तज्ज्ञांचे काम आहे. परंतु माझ्या अनुभवात नित्याचा धोका याहून घरगुती असतो. वॉर्डातील संगणकाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटविलेला असतो, आणि तिन्ही पाळ्यांतील माणसे त्याच एका नावाने काम करतात. मग कोणती नोंद कोणी केली आणि कोणाचा कागद कोणी उघडला, याचा मागमूस राहत नाही. मी विद्यार्थिनींना सांगत असे, "बाळांनो, पासवर्ड म्हणजे तुमची सही आहे. कोऱ्या कागदावर सही करून तो वॉर्डात टांगून ठेवाल काय?"

कायदाही आता या बाबतीत मुका राहिलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी उपचारास आरंभ झाल्यापासून तीन वर्षे जपावयाची असतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यावयाची असतात. म्हणजे जी नोंद परक्यापासून झाकून ठेवावयाची, तीच रुग्णाला मात्र खुली असली पाहिजे. ही दोन्ही कर्तव्ये एकाच तत्त्वातून निघतात : नोंद ज्याची, अधिकार त्याचा. खाजगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने दिला. मनोरुग्णांच्या व एच.आय.व्ही. बाधितांच्या गुप्ततेसाठी २०१७ सालीच स्वतंत्र कायदे झाले, आणि वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा सर्वसाधारण कायदा २०२३ साली संमत झाला.

आता काही जण म्हणतील, "बाई, तुम्ही म्हणता ते ठीक; पण मग लग्नात फसवणूक होऊ द्यावी काय? वराकडच्यांनी विचारावयाचेच नाही काय?" हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला बगल देणे मला शोभणार नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच स्वरूपाचे प्रकरण आले होते. रक्तदानाच्या वेळी एका गृहस्थास एच.आय.व्ही.ची बाधा असल्याचे आढळले, ती गोष्ट रुग्णालयाकडून बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. दुसऱ्याच्या जीविताला धोका असेल तेथे गुप्ततेचा हक्क निरपवाद राहत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात अशा व्यक्तीच्या विवाहाच्या हक्काविषयी जी विधाने केली होती, ती आवश्यक नव्हती, असे त्याच न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. पुढे २०१७ च्या कायद्याने वाट आखून दिली. जोडीदारास खरोखर धोका असेल तर प्रथम रुग्णाला समजावावे, त्याने स्वतः सांगावे. तो सांगणारच नाही अशी खात्री झाली तर त्यास पूर्वसूचना देऊन डॉक्टरांनी किंवा समुपदेशकांनी केवळ त्या जोडीदारास सांगावे. सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि कारण कोणते, हे तिन्ही ठरलेले आहे. या मार्गात मांडवातील काका कोठेही येत नाहीत, आणि तरुण परिचारिकाही येत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, आयुष्याच्या जोडीदारापासून आजार लपवू नये. परंतु तो सांगण्याचा अधिकार व कर्तव्य ज्याचे त्याचे आहे. दोघांनी एकमेकांस विश्वासाने सांगावे, हवे तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. आणि ऐकणाऱ्यानेही अज्ञान सोडावे. औषधे नीट घेतली तर क्षय बरा होतो. अपस्माराचे झटके बहुतेकांच्या बाबतीत औषधांनी आवरतात, आणि अशा स्त्रिया सुखाने संसार करतात. हिंदू विवाहाच्या कायद्यातील अपस्माराचा उल्लेख १९९९ साली वगळण्यात आला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली काढून टाकण्यात आले. कायद्याने जे डाग पुसले, ते आपल्या चौकशांत मात्र अद्याप शाबूत आहेत.

आजाराविषयी अज्ञान घालविण्यासाठी आज घरोघरी मोबाइल आहे. परंतु त्यातील सर्वच माहिती ज्ञान नव्हे. एखादा मधुमेही सकाळी आलेला संदेश वाचून इन्सुलिन बंद करतो आणि तिसऱ्या दिवशी बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येतो, हे मी पाहिले आहे. अशा माहितीस चार प्रश्न विचारावेत. ही कोणी लिहिली, आणि त्याचा त्या विषयाशी संबंध काय? ती केव्हाची आहे? ती कशावरून सांगितली आहे? आणि ती मानल्याने कोणाचा माल खपतो? ज्या लेखावर लेखकाचे नाव नाही, तारीख नाही, आणि जो चालू औषध बंद करण्यास सांगतो, तो कितीही गोड भाषेत असला तरी बाजूस ठेवावा. माहितीवरील शिक्क्यांवरही विसंबू नये. जिनीव्हा येथील एक प्रतिष्ठान १९९६ पासून विश्वसनीय आरोग्य-माहितीस आपले मानचिन्ह देत असे. ते काम २०२२ च्या अखेरीस बंद झाले. आज कोठे ते चिन्ह दिसले तर तपासणारा मागे कोणी उरलेला नाही, हे लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटना, किंवा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९८ साली सुरू केलेले 'मेडलाइनप्लस' यांसारख्या ठिकाणची माहिती वाचावी, आणि वाचून जे प्रश्न पडतील ते कागदावर लिहून आपल्या डॉक्टरांकडे न्यावेत. माहितीने डॉक्टरांना विचारण्याचे धैर्य यावे; डॉक्टरांना टाळण्याचे निमित्त ती होऊ नये.

याच मोबाइलची दुसरी बाजूही आहे. घरात कोणी आजारी पडले की त्याच्या रिपोर्टचे छायाचित्र काढून आपण कुटुंबाच्या व ज्ञातीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहात टाकतो. हेतू असा की कोणी जाणकार सल्ला देईल. सल्ला देणारा एक असतो आणि पाहणारे दोनशे. ते छायाचित्र पुढे कोठे जाईल यावर कोणाचाही ताबा राहत नाही. ज्याचा रिपोर्ट, त्याला आपण विचारलेले असते काय? तो वृद्ध असो, अल्पवयीन असो वा घरची सून असो, त्याला किंवा तिला विचारावे. आणि सल्ला हवा असेल तर ज्या एका डॉक्टरांचा हवा त्यांनाच तो कागद पाठवावा.

आता शेवटी मंडळापुढे मी काही विनंत्या ठेवते. त्यांत टीकेचा हेतू नाही. मंडळ माझेच आहे.

आपला वैद्यकीय साहाय्य निधी ही मोठी पुण्याईची गोष्ट आहे. परंतु मागील काही स्मरणिका मी चाळल्या, तेव्हा त्यांत साहाय्य घेणाऱ्यांची नावे, गाव, आजार आणि रक्कम अशी यादी छापलेली दिसली. हिशेब चोख असावा हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. तथापि एका भगिनीने गरज असूनही अर्ज केला नाही, कारण विचारता ती म्हणाली, "पुस्तकात छापून येते ना!" देणाऱ्याचे नाव छापावे, घेणाऱ्याचे व त्याच्या आजाराचे छापू नये. संपूर्ण यादी हिशेबतपासनिसांनी पाहावी, आणि स्मरणिकेत किती जणांस एकूण किती रक्कम दिली एवढेच यावे.

दुसरी विनंती वधूवर सूचक शाखेस. अर्जातील 'पूर्वीचे आजार' हा रकाना काढून टाकावा, आणि रुग्णालयाचे कागद मागवू नयेत. जे सांगावयाचे ते वधू-वर परस्परांस सांगतील.

तिसरी विनंती आरोग्य शिबिरांविषयी. रक्तदाब व साखर तपासून आपण जी वही भरतो, ती कोणाकडे राहते? प्रत्येकाचा निकाल त्याच्या हाती कागदावर द्यावा, मोठ्याने वाचू नये. वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे कुलपात असावी, आणि काम संपताच नष्ट करावी.

चौथी विनंती प्रत्येक कुटुंबास. घरातील प्रत्येक माणसाची एक साधी वही करा. तीत न सोसणारी औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया, चालू गोळ्या व त्यांचे प्रमाण, लसी आणि रक्तगट लिहून ठेवा; रुग्णालयातून घरी येताना डिस्चार्ज कार्डाची प्रत घेऊन तीत लावा. ती वही दवाखान्यात न संकोचता दाखवा, आणि दवाखान्याबाहेर कोणास दाखवू नका.

आणि आपल्यातील ज्या मुली आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहेत, त्यांना मला एवढेच सांगावयाचे आहे की, उद्या लग्नघरी कोणी काका तुम्हांस असा प्रश्न विचारतील. त्यांचा मान राखा, नमस्कार करा, आणि सांगा, "काका, ते मला सांगता येणार नाही. तुमच्याविषयी कोणी विचारले असते तरी मी हेच सांगितले असते." काका रागावतील, पण पुढे स्वतः आजारी पडतील तेव्हा ते तुमच्याच वॉर्डात येतील, आणि तुमच्यापुढे खरे बोलतील.

ज्या मुलीचे लग्न माझ्या बोलण्याने मोडले, तिची क्षमा मागण्याचे धैर्य मला त्या वेळी झाले नाही. तिचे नाव मी आजही घेणार नाही. मंडळाने या विनंत्यांचा विचार केला, तर त्या चुकीचे थोडेसे परिमार्जन झाले असे मी मानीन.